पुडी सापडली तर... (एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, शिक्षा आणि उपचार, नागपूरच्या आमच्या वकिली ऑफिसचं माहितीपत्रक)

मागच्या पावसाळ्यात मानेवाड्याहून एक काका आमच्या सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात आले. रेनकोटही काढला नव्हता, आधी शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, रुमालात झिपवाली बारकी पिशवी अन् तिच्यात मिठासारखी पांढरी भुकटी. कपडे धुताना पोट्ट्याच्या जीन्समध्ये काकूंना सापडली, आणि काका ती खिशात घालून ॲक्टिवावर, बर्डीवरून, एक नाकाबंदी पार करून आम्हाला "दाखवायला" घेऊन आले होते! (त्यांना विचारूनच लिहितोय, ओळख पटेल असं काही ठेवलं नाही.) रस्त्यात कोणी थांबवलं असतं तर केस पोट्ट्यावर नाही, काकांवर झाली असती, कारण माल ज्याच्याकडे सापडतो त्याच्यावर कायदा आधी संशय घेतो, आणि मला माहीत नव्हतं, माझा नव्हता, हे सिद्ध करायचं ओझं बरंचसं त्याच्याच डोक्यावर येतं.

म्हणून पहिली गोष्ट, माल घेऊन ऑफिसला येऊ नका राजेहो. आधी फोन करा. त्या पुडीचं पुढे काय करायचं ते प्रत्येक केसमध्ये वेगळं असतं, पत्रकात छापून सांगता येत नाही.

सगळा खेळ वजनाचा

महाराष्ट्राचा वेगळा ड्रग्सचा कायदा आहे का, असं खूप जण विचारतात. मुख्य कायदा केंद्राचा, 1985 चा एनडीपीएस, नागपूरलाही तोच अन् छिंदवाड्यालाही तोच. भांगेचं तेवढं वेगळं, नुसती पानं एनडीपीएसमध्ये येत नाहीत पण राज्याच्या 1949 च्या दारूबंदी कायद्यात येतात, त्यामुळे होळीला चालतं म्हणून वर्षभर चालतं असं समजू नका.

कायद्यात तीन पायऱ्या आहेत, कमी माल, मधला माल आणि व्यापारी माल. गांजा 1 किलोपर्यंत कमी आणि 20 किलोच्या वर व्यापारी. चरस 100 ग्रॅम आणि 1 किलो. गर्द म्हणजे हेरॉइन 5 ग्रॅम आणि 250 ग्रॅम. आणि सध्या पोरं ज्याच्या नादी लागलीत ते एमडी म्हणजे मेफेड्रोन, त्याचा हिशोब फक्त 2 ग्रॅम आणि 50 ग्रॅम. 2 ग्रॅम म्हणजे किती, तर चहाच्या चमच्यात अर्धवट साखर घ्या, तेवढं. त्याच्या वर गेलं की पोरगं मधल्या पायरीवर. वरून विकणाऱ्याने त्यात ग्लुकोज मिसळलं असलं तरी वजन सगळ्याचं धरतात, सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये हिरा सिंग केसमध्ये तसंच सांगितलंय.

शिक्षा अशी: कमी माल असला तर 1 वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, मधल्यात 10 वर्षांपर्यंत आणि 1 लाखापर्यंत दंड, आणि व्यापारी मालात कमीत कमी 10 वर्षं, जास्तीत जास्त 20, दंड 1 ते 2 लाख, तिथे कोर्टाला 10 च्या खाली यायची सोयच नाही. नुसतं सेवन केलं, जवळ काही सापडलं नाही, तरी कलम 27 आहे, त्यात 6 महिन्यांपर्यंत किंवा 1 वर्षापर्यंत, काय घेतलं त्यावर.

आता एक गोष्ट जी कॉलेजच्या पोरांना कोणीच सांगत नाही. चौघांनी पैसे काढले, एकाने सगळ्यांसाठी आणलं, बाकीच्यांनी त्याला यूपीआय केलं. पोरांच्या हिशोबाने ही पार्टी, पण कागदावर तो एकटा पुरवठा करणारा दिसतो आणि बाकीच्यांवर कटाचं कलम 29 लागू शकतं, चॅट आणि पेमेंटचा पुरावा पोरांनीच मोबाईलमध्ये जपून ठेवलेला असतो. रूम भाड्याने देणाऱ्यांनी पण लक्ष द्या, माहीत असून जागा वापरू दिली तर कलम 25 मालकावर येतं. "भाडेकरूच्या भानगडीत आपण काऊन पडायचं" हे इथे चालत नाही.

पकडलं तर

24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावंच लागतं. अंगझडती घेण्याआधी, गॅझेटेड अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा हक्क आहे हे त्या माणसाला सांगावं लागतं (कलम 50), बॅगेच्या झडतीला मात्र हे लागू नाही. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा धरत नाहीत, तरी सह्या करायच्या आधी वकिलाशी बोला. जामिनाचं गणित पुन्हा वजनावरच, व्यापारी मालात कलम 37 आडवं येतं, हा माणूस दोषी नसावा असं कोर्टाला वाटलं पाहिजे तेव्हाच जामीन, आणि चार्जशीटला पोलिसांना 180 दिवस मिळतात. 18 च्या आतलं पोरगं असेल तर मामला बाल न्याय मंडळाकडे.

आणि "तुमच्या मुलाच्या पार्सलमध्ये ड्रग्स सापडलं, व्हिडिओ कॉल कट करू नका, पैसे भरा" असा फोन आला तर सरळ कट करा. डिजिटल अरेस्ट नावाचं काही कायद्यात नाही.

उपचाराचा रस्ता

आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ घरांना हे माहीतच नसतं. कलम 64अ म्हणतं की व्यसनी माणसावर सेवनाची किंवा कमी मालाची केस असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. अट एकच, उपचार पूर्ण करायचे, मधेच सोडले तर ही सूट काढून घेता येते. दोषी ठरल्यानंतरही कलम 39 आहे, कोर्ट जेलऐवजी बाँड घेऊन उपचाराला पाठवू शकतं. मधल्या अन् व्यापारी मालाला यातलं काहीच नाही.

पण व्यसन आहे हे डॉक्टरच्या कागदावर दिसावं लागतं, आणि गाडी तिथेच अडते. पोरीचं लग्न अडेल, लोक काय म्हणतील, म्हणून आईबाप मेडिकल किंवा मेयोच्या (नागपूरची दोन सरकारी हॉस्पिटलं) मानसोपचार ओपीडीचा केसपेपर काढायला घाबरतात आणि गुपचूप कुठल्यातरी खाजगी सेंटरला टाकतात, जिथे ना मान्यता, ना धड डॉक्टर. एका पोराच्या घोट्यावर आम्ही साखळीचा वळ पाहिला आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळीने बांधायला सक्त मनाई आहे, आणि त्या सेंटरची पावती कोर्टात कवडीच्या कामाची ठरली नाही. तेव्हा भरती करण्याआधी मान्यतेचा कागद मागा.

गर्दवाल्याला डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सुरू करू शकतात. एमडीला अशी बदली गोळी नाही, तिथे समुपदेशन आणि धीर. अल्प्राझोलामची (झोपेसाठी, चिंतेसाठी देतात ती गोळी) सवय असेल तर घरी एकदम बंद करू नका बाप्पा, फिट येऊ शकते.

व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446, वकिलाची फी परवडत नसेल तर मोफत विधी सेवा 15100, या दोन्हींसाठी आमच्याकडे यायची गरज नाही. काकांचा पोरगा मेडिकलला दाखवून आता सात महिने झालेत, मधे एकदा घसरला, पुन्हा गेला, केस झालीच नाही. ऑफिसला येताना पोराचं आधार कार्ड, असतील ते डॉक्टरचे कागद, पोलिसांची नोटीस आली असेल तर तिची कॉपी आणि जमलं तर पोरगं, एवढं घेऊन या. संध्याकाळी सहानंतर या, दिवसा आम्ही कोर्टात असतो.