फौजदारी खटल्याचे निरीक्षण: विधी विद्यार्थ्यांसाठी परवानगी, कागदपत्रे आणि खटल्याची निवड

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत १०० गुणांचा एक सक्तीचा प्रात्यक्षिक पेपर आहे. त्यात मूट कोर्टला (सरावासाठीच्या अभिरूप न्यायालयाला) ३०, दोन खटल्यांच्या निरीक्षणाला ३०, पक्षकाराची मुलाखत आणि कागदपत्रांच्या तयारीची डायरी यांना ३० आणि तोंडी परीक्षेला १० गुण असतात. दोन खटल्यांपैकी एक दिवाणी आणि एक फौजदारी लागतो. इथे फौजदारीपुरतेच बोलू.

तीन वर्षांचा असो वा पाच वर्षांचा, अभ्यासक्रमाच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत हे निरीक्षण करता येते. नेमके कोणत्या सत्रात, हे अमरावती, नागपूर किंवा गोंडवाना यांपैकी आपल्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पाहावे. इंटर्नशिपचे १२ किंवा २० आठवडे हा वेगळा हिशेब आहे. कोर्टात चार दिवस बसले म्हणजे ते भरत नाहीत.

परवानगीबद्दल बराच गोंधळ असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६६ प्रमाणे फौजदारी न्यायालय खुले असते, त्यामुळे मागच्या बाकावर बसून कामकाज ऐकायला कायद्याने परवानगी लागत नाही. कॉलेजचे पत्र लागते ते निरीक्षणाच्या डायरीवरील हजेरीच्या सहीसाठी. पत्राच्या आधीच्या तारखांवर सही मिळवणे अवघड जाते, म्हणून पत्र आधी द्यावे आणि बसायला नंतर सुरुवात करावी.

प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचे पत्र दोन प्रतींत न्यावे. तालुक्याच्या कोर्टासाठी ते दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांच्या नावे असावे, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या नावे. विद्यार्थ्यांची नावे, वर्ष, हजेरी क्रमांक, पेपरचे नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि जबाबदार प्राध्यापकाचा फोन, एवढे त्यात हवेच. कोर्टाच्या अधीक्षकांच्या कार्यालयात एक प्रत द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक घ्यावा. ही दुसरी प्रत, कॉलेजचे ओळखपत्र आणि आधारची झेरॉक्स रोज जवळ ठेवावी. ‘विद्यार्थ्यांना सहकार्य करावे’ एवढेच लिहिलेले मोघम पत्र बहुधा परत येते. चाळीस जणांची एकच यादीही देऊ नये. तालुक्याच्या कोर्टहॉलमध्ये लोकांना बसायला दोन-तीन बाक असतात आणि तारखेवर आलेल्या पक्षकारांचा त्यांवर पहिला हक्क आहे. पाच-पाच जणांचे गट करून दिवस वाटून घ्यावेत.

डायरीवर कोणाची सही चालेल, हे कॉलेजकडून आधी लेखी घ्यावे. कुठे ज्यांच्यासोबत बसता त्या वकिलांची चालते, कुठे कार्यालयाची लागते. न्यायाधीशांपुढे डायरी घेऊन उभे राहू नये. पोशाख पांढरा शर्ट, पांढरी किंवा काळी पँट, काळा कोट, काळा टाय, काळे बूट. गाऊन आणि गळ्यातला पांढरा बँड विद्यार्थ्यासाठी नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा खटला निवडताना होतो. सगळ्यांना खुनाचा खटला पाहायचा असतो. त्यासाठी पुसद, अचलपूर, खामगाव किंवा जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात खेटे घालतात, दोन तारखा साक्षीदाराविना जातात आणि डायरीत फक्त ‘पुढील तारीख’ उरते. त्यापेक्षा आपल्याच तालुक्यातला धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) झालेल्या मारहाणीचा आर.सी.सी., म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा नियमित फौजदारी खटला, निवडावा. फिर्यादी, जखमी, पंच, डॉक्टर आणि तपासी अंमलदार असे मोजके साक्षीदार असतात आणि खटल्याचा प्रत्येक टप्पा त्यात दिसतो. आरोपी तुरुंगात असलेला खटला मिळाला तर आणखी चांगले, कारण तो लवकर चालवण्याकडे कोर्टाचा कल असतो. ई-कोर्ट्स ॲपवर आदल्या संध्याकाळी बोर्ड (दुसऱ्या दिवशीच्या खटल्यांची यादी) पाहावा आणि ‘साक्षीपुरावा’ या टप्प्यावरचा खटला शोधावा. नंतर सरकारी अभियोक्त्यांना किंवा पैरवी अधिकाऱ्यांना (कोर्टाचे काम पाहणाऱ्या पोलिसांना) साक्षीदार येणार आहे का, ते विचारावे. पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत समन्स बजावूनही साक्षीदार वावर सोडून येत नाहीत. मे महिन्यातल्या सुट्टीत जामीन आणि रिमांडच्या पलीकडे फारसे काही पाहायला मिळत नाही.

१ जुलै २०२४ पूर्वीचा गुन्हा असेल तर दोषारोप भारतीय दंड संहितेचा, नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचा. हत्याराने दुखापत म्हणजे जुने कलम ३२४ आणि नवे ११८(१). आरोपीचा जबाब जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३१३ खाली, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३५१ खाली. कोर्टात अजून दोन्ही कानावर पडतात, म्हणून डायरीच्या पहिल्या पानावर गुन्ह्याची तारीख लिहावी. सोबत खटला क्रमांक आणि सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक, म्हणजे ई-कोर्ट्सवर तो खटला शोधण्याचा क्रमांक.

उलटतपासणी हा निरीक्षणाचा गाभा आहे आणि नेमकी तीच डायरीत दोन ओळींत उरकलेली असते. साक्ष सहसा प्रश्नोत्तरांत न लिहिता सलग निवेदनात नोंदवतात, त्यामुळे वकिलाचा प्रश्न कागदावर दिसत नाही. तो तुम्ही टिपायचा. ‘हे म्हणणे खरे नाही की, मी जुन्या वैमनस्यातून खोटी साक्ष देत आहे’ अशी वाक्ये ओळीने येतात. ती कंटाळवाणी वाटतात, पण आरोपीचा बचाव काय आहे ते त्यांतूनच कळते. नकारांमध्ये एखादे ‘हे खरे आहे की’ आले की त्याखाली रेघ मारावी. अंतिम युक्तिवाद बहुधा त्याच कबुलीवर फिरतो. पंच फितूर झाला तर सरकारी वकील परवानगी घेऊन आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी कशी घेतात, तेही पाहावे.

काही कामकाज बंद दालनात चालते: बलात्काराचे खटले, पोक्सोचे (बालकांवरील लैंगिक अत्याचारांचे) खटले, बाल न्याय मंडळ. तिथे बाहेर जायला सांगितले की पत्र न दाखवता उठावे. निकालपत्रातून किंवा वकिलांकडून अशा प्रकरणाची माहिती मिळाली, तरी पीडितेचे नाव, गाव, शाळा, नातेवाईक यांतले काहीही लिहू नये. ओळख उघड करणे न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. इतर खटल्यांतही नावांऐवजी ‘साक्षीदार क्र. २’ लिहिलेले बरे.

मोबाइल बंद. सायलेंटवर ठेवलेला चालत नाही, रेकॉर्डिंग तर नाहीच. व्हरांड्यात साक्षीदाराशी खटल्याबद्दल बोलू नये. शिकवले-पढवले असा आरोप व्हायला तेवढे पुरते. खटल्याचे कागद बेंच क्लार्ककडे मागू नयेत. दोषारोपपत्र वाचायचे असेल तर त्या खटल्यातल्या वकिलांना विनंती करावी.

डायरी जमा करेपर्यंत निकाल लागला नाही तर काल्पनिक निकाल लिहू नये. शेवटची तारीख, त्या दिवशीचा टप्पा आणि पुढची तारीख लिहावी. तोंडी परीक्षेला जाण्याआधी सीएनआर टाकून सद्यस्थिती पुन्हा पाहावी, कारण परीक्षकही तीच पाहू शकतो.