ख्रिस्ती समुपदेशन : सांत्वनाकडून न्यायाकडे

दुःखिताला आधार देणे हे ख्रिस्ती पाळकाचे पूर्वापार काम असले, तरी त्याला मानसशास्त्राची शिस्त लाभली ती विसाव्या शतकात. स्वतः मनोरुग्ण म्हणून उपचार घेतलेले पाळक अँटन बॉयसन यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांच्या सहवासात शिकवायला सुरुवात केली. पुढे १९४२ मध्ये बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबमधील आगीत ४९२ जण मृत्युमुखी पडले. तिथल्या शोकग्रस्तांचा अभ्यास करणारे मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडेमान यांनी धर्मसंस्थांनी दिलेल्या आधाराची दखल घेतली, पण नुसत्या सांत्वनाने भागत नाही, असेही स्पष्टपणे नोंदवले.

हे सारे एकेकट्या माणसापुरते होते. दडपशाहीने अख्खी वस्ती होरपळली, तर बंद खोलीतले समुपदेशन कुठवर पुरणार? एल साल्वाडोरमधील यादवीच्या काळात जेझुइट धर्मगुरू आणि मानसशास्त्रज्ञ इग्नासिओ मार्टिन-बारो यांनी असे मांडले की, अशा आघाताचे मूळ व्यक्तीच्या मनात नसून बिघडलेल्या समाजसंबंधांत असते. १६ नोव्हेंबर १९८९ रोजी लष्कराने त्यांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची विद्यापीठाच्या आवारातच हत्या केली.

दक्षिण आफ्रिकेत हा प्रश्न अधिक उघडपणे समोर आला. १९९६ पासून, वर्णभेदाच्या राजवटीतील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या, आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालील सत्य व सलोखा आयोगापुढे पीडित जाहीरपणे बोलू लागले. प्रार्थनेने सुरू होणाऱ्या या सुनावण्यांवर ख्रिस्ती क्षमाभावाची छाप होती. तिने अनेकांना बळ दिले, तसेच क्षमा करण्याचे दडपणही आणले, ही टीका मला रास्त वाटते. अँग्लिकन धर्मगुरू मायकेल लॅप्सली यांनी १९९० मध्ये टपालातून आलेल्या बॉम्बस्फोटात दोन्ही हात आणि एक डोळा गमावला होता. १९९८ मध्ये त्यांनी केप टाउनला स्मृतींच्या उपचारासाठी संस्था स्थापन केली, जिथे लोक छोट्या गटांत बसून एकमेकांची कहाणी ऐकतात. सायकल चोरणारा क्षमा मागायला येतो, पण सायकल मात्र परत करत नाही, असा दाखला ते देत; म्हणजे क्षमेला भरपाईचीही जोड हवी. आयोगाने पीडितांसाठी सहा वर्षे वार्षिक अनुदानाची शिफारस केली होती. सरकारने २००३ मध्ये प्रत्येकी ३०,००० रँड एकदाच देऊ केले.