लोह आहे, पण चुंबक नाही

मनगटात घालायच्या चुंबकीय कड्याची जाहिरात परवा पुन्हा दिसली. रक्तात लोह असतं, चुंबक ते ओढतो, म्हणून रक्ताभिसरण सुधारतं, असा तिचा दावा. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी १९३६ मध्येच मोजून दाखवलं होतं की ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जात नाही, उलट अगदी किंचित दूर ढकललं जातं. लोह तिथे आहेच. पण चुंबकत्व ठरतं ते लोहातल्या इलेक्ट्रॉनांच्या मांडणीवरून. कडं विकत घेणाऱ्यांना हे कोण सांगणार! मला मात्र त्यावरून माझा आवडता पदार्थ आठवला: बिस्मथ फेराइट.

बिस्मथ, लोह आणि ऑक्सिजन यांचं हे ऑक्साइड 'मल्टिफेरॉइक' आहे, म्हणजे एकाच स्फटिकात दोन शिस्ती नांदतात. बिस्मथच्या इलेक्ट्रॉनांची एक जोडी कोणाशी बंध न करता एका बाजूला जागा अडवून बसते, त्यामुळे अणू मधोमध राहत नाहीत आणि स्फटिकाला धन-ऋण टोकं येतात. ही विद्युत शिस्त सुमारे ८३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. लोहाची चुंबकीय शिस्त ३७० अंशांच्या आसपास मोडते. दोन्ही खोलीच्या तापमानाला शाबूत असणारे पदार्थ फारच थोडे, म्हणून विजेने लिहायच्या चुंबकीय मेमरीची स्वप्नं याच्यावर रचली गेली. २००३ मध्ये पदार्थवैज्ञानिक राममूर्ती रमेश यांच्या गटाने याच्या पातळ थरांवरचं काम 'सायन्स'मध्ये छापलं आणि एकच गाजावाजा झाला. त्यातल्या चुंबकत्वाच्या आकड्यावर २००५ मध्ये त्याच नियतकालिकात हरकत आली, ती मात्र फारशी गाजली नाही.

इतकं लोह असून हा पदार्थ चुंबकाला का चिकटत नाही? इथला प्रत्येक लोह-अणू पाच एकट्या इलेक्ट्रॉनांमुळे चांगला दणकट छोटा चुंबक असतो. पण शाळेच्या मैदानावर मुलं एकाआड एक पूर्वेला आणि पश्चिमेला तोंड करून उभी करावीत, तशी यांची रचना आहे. बेरीज शून्य. याला अँटिफेरोमॅग्नेटिक म्हणतात. आता खरी गंमत. पूर्व-पश्चिम अगदी काटेकोर नसते. दोन्हीकडची मुलं किंचित एकाच अंगाला कललेली असतात, त्यामुळे थोडं चुंबकत्व शिल्लक राहायला हवं. पण ही सगळी मांडणी ओळीगणिक जराजरा वळत जाते आणि ६२ नॅनोमीटरमध्ये एक पूर्ण फेरा घेते. केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग! इथे जे डावीकडे उरलं, ते अर्ध्या फेऱ्यावर उजवीकडे उरतं, आणि हिशेब पुन्हा शून्यावर येतो. इझाबेला सोस्नोव्स्का आणि सहकाऱ्यांनी हा फेरा १९८२ मध्ये न्यूट्रॉनांच्या साहाय्याने पकडला.

मग कणच ६२ नॅनोमीटरपेक्षा लहान केला तर? फेरा पुरा होत नाही, शिल्लक उघडी पडते. शिवाय पृष्ठभागावरच्या अणूंना बाहेरच्या बाजूला जोडीदार नसतो, त्यामुळे तिथली वजाबाकी फसते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नील यांनी १९६१ मध्येच असा विचार मांडला होता. कणाच्या पृष्ठभागाची ०.४ नॅनोमीटर जाडीची साल धरली, तर १ मायक्रोमीटरच्या, म्हणजे १००० नॅनोमीटरच्या दाण्यात ती पाव टक्काही भरत नाही. १४ नॅनोमीटरच्या कणात ती सुमारे १६ टक्के भरते.

हे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, म्हणून त्यांच्यावर पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) किंवा पीव्हीपी (पॉलिव्हिनाइलपायरोलिडोन) यांसारख्या पॉलिमरचा, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचा लेप देतात. लेपामुळे कणांमधलं अंतर वाढतं आणि त्यांची आपसातली चुंबकीय ओढाताण कमी होते. पॉलिमरची टोकं पृष्ठभागावरच्या लोहाला धरतात, तेव्हा सालीतल्या स्पिनांची, म्हणजे त्या छोट्या अणु-चुंबकांची, मांडणीही बदलू शकते. पण लेपाने चुंबकत्व घटलं असं वाचलं की मी आधी वजन बघतो. मापन होतं ते प्रतिग्रॅम. नमुन्यात ३० टक्के पॉलिमर असेल तर आकडा ३० टक्क्यांनी पडणारच, त्यात ऑक्साइडचं काहीही बिघडलेलं नसतं. नमुना तापवून पॉलिमर जाळायचा, किती वजन गेलं ते मोजायचं आणि मगच बोलायचं.

लेपाने चुंबकत्व वाढलं असं वाचलं की संशय दुसरा. भट्टीत बिस्मथ सहज उडून जातं आणि मागे लोहाची ऑक्साइडं उरू शकतात. त्यातल्या मॅग्नेटाइटचं चुंबकत्व ग्रॅममागे सुमारे ९२ इएमयू (चुंबकत्व मोजायचं एकक) असतं, म्हणजे एक टक्का भेसळीने ०.९ इएमयू फुकटात मिळतात, आणि एवढी भेसळ क्ष-किरणांच्या आलेखात सहज निसटते. नमुना थंड करत गेलं तर १२० केल्विनजवळ मॅग्नेटाइटच्या चुंबकत्वात उडी दिसते, तिथे चोरी पकडता येते. फार बारीक कणांत ही उडी पुसट होते. तेव्हा मॉसबाउअर वर्णपट घ्यावा लागतो, म्हणजे थेट लोहाच्या अणुकेंद्रकालाच विचारायचं: बाबा रे, तू नक्की कुठल्या ऑक्साइडात बसला आहेस?