बातमीपत्र आणि सदर: मराठवाड्यातील एका दुहेरी पेशाची पार्श्वभूमी

मराठवाड्यात उभी हयात पत्रकारितेत काढलेल्या माणसाचा समारंभात परिचय करून दिला जातो, तेव्हा ‘आकाशवाणीचे वार्ताहर, पुढे वाहिनीचे प्रतिनिधी आणि दैनिकाचे सदरलेखक’ अशी तिहेरी ओळख पुष्कळदा कानी पडते. ही कामे एकाच माणसाकडे का आली, याचे उत्तर त्याच्या हौसेत थोडेसेच सापडते. बाकीचे या प्रदेशाच्या इतिहासात आहे. ध्वनिक्षेपणाची सूत्रे इथे दीर्घकाळ बाहेरच्या हातात राहिली आणि वर्तमानपत्र मात्र इथल्या माणसांनी, बहुधा तोट्यात, स्वतः काढले. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या की बातमीपत्रासाठी तीन ओळी लिहिणारा माणूस रविवारच्या पुरवणीत हजार शब्दांचे सदर का लिहितो, हे कळू लागते.

1948 पर्यंत मराठवाड्याचे पाचही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि हैदराबादहून चालणारा डेक्कन रेडिओ हा संस्थानी सरकारचा आवाज होता. औरंगाबादलाही संस्थानाचे एक केंद्र होते. 1947 साली देशातील संस्थानांकडे जी पाच आकाशवाणी केंद्रे होती, त्यांत म्हैसूर, बडोदा, त्रिवेंद्रम आणि हैदराबाद यांच्या बरोबरीने औरंगाबादचे नाव येते. रेडिओ इतक्या लवकर आला खरा, पण त्यावर बोलायचे काय हे ठरवणारे कोणी इथले नव्हते. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील. सत्तेचा तोल त्याच्याकडे झुकला तसा तोही या रेडिओवरून गरजू लागला. 17 सप्टेंबर 1948 रोजी याच रेडिओवरून निजामाने शरणागती जाहीर केली आणि भारत सरकारचे प्रतिनिधी कन्हैयालाल मुन्शी हेही त्याच संध्याकाळी बोलले. मराठवाड्यातील माणसाला आपल्या मुक्ततेची बातमीसुद्धा हैदराबादच्या स्टुडिओतून मिळाली.

मराठी वर्तमानपत्रांची कहाणी नेमकी उलट्या बाजूने जाते. ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक 1920 पासून हैदराबादेत निघत होते आणि आ. कृ. वाघमारे यांनी 1937 मध्ये ‘मराठवाडा’ सुरू केले. सभेसाठीसुद्धा सरकारी परवानगी सक्तीची करणारी गश्ती निशाण 53 जिथे लागू होती, तिथे स्वतंत्र मताचे पत्र चालवणे म्हणजे बंदीला आमंत्रण होते, आणि बंदी आलीही. उर्दू ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत हत्या झाली, ती त्यांनी भारतात विलीन होण्याची बाजू घेतली म्हणून. इथल्या जुन्या संपादकांच्या बोलण्यात जो थोडा चळवळीचा सूर असे, त्याला अनेक जण पुढे भाबडेपणा म्हणाले. तो सूर या काळातून आला होता.

विलीनीकरणानंतर डेक्कन रेडिओ 1950 मध्ये आकाशवाणीकडे गेला आणि औरंगाबादचे केंद्र काही वर्षांतच बंद झाले. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. पण परभणीचे केंद्र सुरू व्हायला 1968 उजाडले. मधल्या पंधरा-सोळा वर्षांत प्रदेशाचा सार्वजनिक आवाज होता तो छापील, आणि त्यात ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव यांचे लेखन अग्रभागी होते. भालेराव हे मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते. अग्रलेखाखेरीज त्यांनी ‘कावड’ हे सदर लिहिले आणि मराठवाड्यात सदर म्हणजे काय याचा नमुना त्यातून पुढच्यांना मिळाला. माणसे, गावे, जुन्या ओळखी, राजकारणातल्या गमती असे काहीही त्यात यायचे, पण ते घरच्या ओसरीवर बसून सांगितल्यासारखे. पुढे सदर लिहू लागलेल्या अनेकांनी हा सूर उचलला. काहींना तो पेलला नाही आणि आठवणींचा रतीब तेवढा उरला.

परभणीपाठोपाठ 1970 च्या दशकात औरंगाबादला पुन्हा आकाशवाणी केंद्र आले आणि कालांतराने तिथे प्रादेशिक वृत्त विभागही उभा राहिला. सकाळी सात वाजून दहा मिनिटांचे औरंगाबादचे बातमीपत्र हा इथल्या अनेक घरांत चहाबरोबरचा कार्यक्रम होऊन बसला. जिल्ह्याच्या ठिकाणी आकाशवाणीचा माणूस असतो तो अंशकालीन वार्ताहर. त्याला पगार नसतो, दरमहा ठरावीक मानधन असते. त्यावर घर चालत नाही, म्हणून तो प्राध्यापक असतो, वकील असतो किंवा सरळ एखाद्या दैनिकाचा जिल्हा प्रतिनिधी असतो. दोन पेशे एका माणसाच्या अंगावर येण्याचे हे पहिले आणि अगदी रोकडे कारण आहे.

दुसरे कारण बातमीपत्राच्या कागदावर दिसते. हा कागद जवळून पाहण्याजोगा असतो. मजकूर एकाच बाजूला, मोठ्या अक्षरांत आणि मोकळ्या ओळींत लिहिलेला असे. पाने टाचलेली नसत, कारण पान उलटल्याचा आवाज ध्वनिक्षेपकात जातो. आकडे अक्षरांत लिहिलेले, गावांची नावे अधोरेखित केलेली, कारण बाहेरगावचा निवेदक ‘मुखेड’, ‘चाकूर’ किंवा ‘औंढा’ कसे उच्चारील याची खात्री नसे. वाक्य एका श्वासात संपले पाहिजे, ऐकणाऱ्याला मागे जाऊन पुन्हा ऐकता येत नाही, हे भान सतत ठेवावे लागे. अशा दहा मिनिटांच्या बातमीपत्रातला सगळा मजकूर वर्तमानपत्राचे एक पानही भरत नाही. त्यात अख्ख्या जिल्ह्याच्या दुष्काळाला मिळणार त्या तीन ओळी. शिवाय आकाशवाणीची आचारसंहिता व्यक्ती आणि पक्षांवरील टीका, प्रक्षोभक मजकूर, न्यायालयाचा अवमान अशा गोष्टींना मज्जाव करते, आणि सरकारी माध्यमात सावध संपादक संहितेपेक्षाही दोन पावले मागे थांबतो. उरलेला ऐवज कुठे तरी जाणारच होता. तो सदरात गेला.

भाषेचेही तसेच. बातमीपत्रात ‘पाऊस पडत आहे’ असते, बाहेर माणूस ‘पाऊस पडायलाय’ म्हणतो. शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमांत बोलीला जागा होती, बातम्यांत नव्हती. सदरात ती बोली, तिच्यातले उर्दू शब्द आणि म्हणी यांच्यासह मोकळेपणाने येऊ शकली. मला स्वतःला असे वाटते की या लेखकांची छापील वाक्ये चांगली होतात ती रेडिओमुळेच. कानासाठी लिहायची सवय लागलेला माणूस सदरात लांब वाक्य लिहितो, पण ते वाचताना दम लागत नाही.

सदराची जागा मात्र सर्वांना सारखी खुली नव्हती, आणि हे सांगितल्यावाचून ही पार्श्वभूमी अपुरी राहील. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले. ‘मराठवाडा’ने नामांतराच्या विरोधात भूमिका घेतली होती आणि तिच्यावरची टीका अजून संपलेली नाही. ज्या सदराला प्रदेशाचा आवाज म्हटले जात होते, त्यात प्रदेशातले कोण नव्हते हे त्या वर्षी उघड झाले. गंगाधर पानतावणे औरंगाबादहूनच 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून ‘अस्मितादर्श’ चालवत होते आणि तिथे लिहिणाऱ्यांची एक स्वतंत्र पिढी उभी राहिली होती. दैनिकांच्या सदरांत ती यायला पुढे बराच काळ लागला. नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 रोजी.

दरम्यान व्यवसाय बदलला होता. ‘लोकमत’ची औरंगाबाद आवृत्ती 1982 मध्ये सुरू झाली. जालना 1981 मध्ये, लातूर 1982 मध्ये आणि हिंगोली 1999 मध्ये वेगळा जिल्हा झाला. प्रत्येक नव्या जिल्ह्याबरोबर एक जिल्हा कार्यालय, एक जिल्हा पान आणि काही नवे वार्ताहर आले. नांदेडला ‘प्रजावाणी’, लातूरला ‘एकमत’, बीडला ‘झुंजार नेता’ अशी जिल्ह्याजिल्ह्यांची दैनिके आपापल्या जागी होतीच. बातमी पोचवण्याचे साधन मात्र बरीच वर्षे एसटी होते. दुपारच्या गाडीच्या वाहकाकडे जाड पिवळे पाकीट द्यायचे, त्यावर दैनिकाचे नाव ठळक लिहायचे, आणि संध्याकाळी औरंगाबादच्या स्थानकावर कार्यालयाचा शिपाई गाडीची वाट पाहत उभा. गाडी पंक्चर झाली की तालुक्याची बातमी एक दिवस शिळी. आकाशवाणीच्या वार्ताहराला हे परवडत नसे. तो ट्रंक कॉल लावून बसायचा आणि ओरडून मजकूर सांगायचा.

या दोन्ही कामांची खरी कसोटी लागली ती 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे. गणेश विसर्जनाची रात्र संपता संपता, चार वाजायच्या थोडे आधी, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. अधिकृत मोजणीतही मृतांचा आकडा साडेसात हजारांहून अधिक आहे. बातमीपत्राला आकडा हवा असतो, आणि त्या दिवशी आकडा तासागणिक बदलत होता. ढिगाऱ्याशेजारी उभ्या माणसाला तो खरा सांगता येत नव्हता आणि गप्पही बसता येत नव्हते. किल्लारी आणि सास्तूर ही नावे त्या आठवड्यात जगभर उच्चारली गेली. पण एवढी माणसे का मेली, हे बातमीत मावणारे नव्हते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा थर असलेली माळवदाची घरे उन्हाळ्यात थंड राहत, आणि तीच घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. पुढे पुनर्वसनाची गावे आखली गेली. सरळ रस्ते आणि एकसारखी घरे अशा त्या गावांत जुन्या आळ्या आणि शेजार मोडला, गुरांना जागा कमी पडली. हे सगळे वर्षानुवर्षे लिहिले गेले ते सदरांतून, 30 सप्टेंबर जवळ आला की पुन्हा पुन्हा.

दूरचित्रवाणी इथे उशिरा आली. 1975-76 मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी दाखवण्याचा जो प्रयोग झाला, त्यात शेजारच्या गुलबर्गा जिल्ह्यातली गावे होती, सीमेअलीकडची आपली नव्हती. मुंबई दूरदर्शन 1972 पासून सुरू होते, पण त्यात मराठवाडा दिसे तो मंत्र्यांचा दौरा असेल किंवा दुष्काळ असेल तेव्हा. चित्र पालटले 2000 मध्ये, ईटीव्ही मराठीमुळे. या वाहिनीने जिल्ह्याजिल्ह्यांत प्रतिनिधी नेमले आणि तालुक्याच्या बातमीला पडद्यावर जागा दिली. तिचे मुख्यालय होते हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीत. पन्नास वर्षांनी मराठवाड्याच्या बातम्या पुन्हा हैदराबादेतून प्रसारित होऊ लागल्या, आणि जिल्ह्यातला माणूस आता पाकिटाऐवजी चित्रफितीची कॅसेट गाडीत ठेवू लागला. पुढे 2007 मध्ये झी चोवीस तास आणि स्टार माझा, 2008 मध्ये आयबीएन लोकमत आले. वार्ताहराच्या बोलण्यात बाईट, फोनो, ओबी व्हॅन हे शब्द रुळले. वेळ दहा मिनिटांवरून चोवीस तासांवर गेला तरी जिल्ह्याच्या वाट्याचा वेळ त्या प्रमाणात वाढला नाही; ‘चाळीस सेकंदांत सांगा’ ही सूचना तीन ओळींच्या मर्यादेचीच धाकटी बहीण. खासगी एफएमवर आकाशवाणीखेरीज स्वतःच्या बातम्या देण्यास परवानगी नाही, त्यामुळे रेडिओवरची बातमी अजून आकाशवाणीकडेच आहे.

दर वर्षी 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, हे सगळे एकाच सकाळी पाहायला मिळते. सात दहाच्या बातमीपत्रात मुख्यमंत्र्यांच्या हस्ते ध्वजारोहण होणार असल्याची बातमी चार वाक्यांत येते. त्याच दिवशीच्या दैनिकात, आतल्या पानावर, एखाद्या गावच्या वयोवृद्ध स्वातंत्र्यसैनिकाची कहाणी अर्धे पान भरून असते, आणि अनेकदा दोन्हींमागचा हात एकच असतो.