श्रद्धा, फिर्याद आणि ‘पोस्ट हटवली आहे’

मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, बालपण इंदूरचे. देवळालीकर मास्तरांच्या चित्रशाळेत नारायण श्रीधर बेंद्रे घडले, तिथेच काही काळ हुसेनही शिकले. २००६ मध्ये त्यांच्या ‘भारतमाता’ या चित्रावरून फिर्यादी झाल्या, त्या पंढरपूर, राजकोट, भोपाळ आणि इंदूर इथल्या न्यायालयांत. चित्र यांपैकी एकाही गावात टांगलेले नव्हते. ते आधीच एका खासगी संग्राहकाकडे गेलेले होते. काश्मीरच्या भूकंपग्रस्तांसाठी झालेल्या ऑनलाइन लिलावाच्या जाहिरातीत त्याचे छायाचित्र दिसले, आणि तेवढे पुरले. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. संजय किशन कौल यांनी ही प्रकरणे रद्द केली. पण एका संकेतस्थळावरचे चित्र एकाच वेळी चार गावांच्या न्यायालयांत पोहोचू शकते, हे तेव्हा देशाला कळले.

या वादाचा कायदा मात्र इंटरनेटच्या फार आधीचा आहे. लाहोरच्या राजपाल या प्रकाशकाला प्रेषितांवरच्या एका पुस्तिकेबद्दल खालच्या न्यायालयाने दोषी ठरवले होते. १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने त्याला सोडले, कारण धर्मगुरूवरची टीका समाजासमाजांत वैर पसरवण्याबद्दलच्या तेव्हाच्या १५३-अ कलमात बसत नव्हती. त्या संतापातून त्याच वर्षी दंड संहितेत धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचे २९५-अ हे कलम आले. प्रवर समितीत असलेल्या जिनांनी बजावले होते की इतिहासलेखन आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना संरक्षण राहिले पाहिजे. म्हणूनच कलमात ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ ही अट आहे. १९५७ मध्ये रामजी लाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले, तेही याच अटीच्या आधारावर. आज तेच भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ आहे. माझ्या मते या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची गोष्ट हीच अट आहे, आणि ऑनलाइन जगात सर्वांत आधी तीच गळून पडली.

ती कशी गळली, हे सरकारी कागदांतच दिसते. एप्रिल २०११ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली मध्यस्थ कंपन्यांसाठी, म्हणजे लोकांनी टाकलेला मजकूर दाखवणाऱ्या फेसबुक-यूट्यूबसारख्यांसाठी, नियम आले. वापरकर्त्यांनी काय टाकू नये याच्या यादीत ईशनिंदाही होती. भारतीय दंड संहितेत ईशनिंदा नावाचा गुन्हा कधीच नव्हता. हेतू सिद्ध करायची गरज नाही, न्यायाधीश नाही; तक्रार आली की कंपनीने ३६ तासांत हालचाल करायची. त्याच वर्षअखेरीस देवदेवता आणि प्रेषितांबद्दलच्या आक्षेपार्ह मजकुरावरून गूगल, फेसबुक यांच्याविरुद्ध दिल्लीच्या न्यायालयांत खटले उभे राहिले. २०१२ मध्ये इस्लामविरोधी चित्रफितीवरून जगभर दंगे पेटले, तेव्हा यूट्यूबने ती भारतात बंद केली. आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, तेव्हा पोलिसांनी सुरुवातीला चक्क २९५-अ लावले. त्या पोस्टमध्ये धर्माचा संबंधच नव्हता.

पालघरच्या त्या अटकेतूनच श्रेया सिंघल खटला उभा राहिला. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातले, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारे कलम ६६-अ रद्द केले आणि सांगितले की न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावरच मजकूर काढण्याची सक्ती कंपनीवर येईल. नागरिकांसाठी हा मोठाच विजय होता. मात्र एक दार उघडेच राहिले. कंपनी स्वतःच्या अटींनुसार काय काढते, याला हा निकाल लागू नव्हता.

त्या दारातून काय काय बाहेर गेले, याची दोन उदाहरणे विसरू नयेत. मार्च २०२० पासून जवळजवळ तीन महिने इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर ‘शीख’ हा हॅशटॅग बंद होता. एका जगभर पसरलेल्या धर्माचे नाव! जूनच्या पहिल्या आठवड्यात, १९८४ च्या सुवर्णमंदिर कारवाईच्या स्मृतिदिनांत, लोकांनी ओरड केली तेव्हा ती चूक असल्याचे कंपनीने मान्य केले. मे २०२१ मध्ये जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीचा उल्लेख असलेल्या पोस्ट इन्स्टाग्रामने हटवल्या, कारण ते नाव एका प्रतिबंधित संघटनेशी जोडले गेले होते. दोन्ही वेळा धर्माशी वैर नव्हते. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्धचा विखार पसरू दिल्याबद्दल फेसबुकवर २०१८ मध्ये टीका झाली, ती योग्यच होती. त्यानंतर कंपन्यांनी चाळण अधिक बारीक केली. बारीक चाळणीत संदर्भ अडकतो.

फेसबुकच्या स्वतंत्र देखरेख मंडळाने २०२१ मध्ये भारतातील दोन पोस्टबाबत निर्णय दिले. एकीत म्यानातून तलवार काढण्याची भाषा होती. कंपनीने ती हिंसेची धमकी धरली, मंडळाच्या बहुमताने ती धार्मिक-राजकीय निषेध मानली. दुसरी पंजाबीतली होती, आणि तेव्हा कंपनीचे नियम पंजाबीत उपलब्धच नव्हते. तुकोबांच्या अभंगात नाठाळाच्या माथ्यात काठी घालण्याची भाषा आहे. इंदूरच्या रामबागेत कीर्तनाला बसलेल्या आजींना त्यात धमकी ऐकू येत नाही. कीर्तन आता थेट प्रसारित होते, आणि ऐकणाऱ्यांत यंत्रही असते.

आमच्याकडच्या एका गणेश मंडळाच्या थेट प्रसारणात ऐन आरतीला आवाज गेला, पडद्यावर फक्त हलणारे ओठ आणि निरांजने. कारण धर्माचे नव्हतेच, कॉपीराइटचे होते. आरती समर्थांची, सतराव्या शतकातली, तिच्यावर कुणाचा हक्क नाही. पण स्पीकरवर लावलेले ध्वनिमुद्रण एखाद्या कंपनीचे असते, आणि यूट्यूबने २००७ मध्ये आणलेल्या कंटेंट आयडीसारख्या यंत्रणा आवाजाचा ठसा जुळवून पाहतात. मंडळातल्या पोरांना मात्र वाटले की आरती बंद पाडली. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तसेच वाटले असते, कारण समोर आलेल्या दोन ओळींत हे काहीच नीट लिहिलेले नव्हते.

उलट बाजूही इंदूरनेच पाहिली आहे. १ जानेवारी २०२१ रोजी विनोदी कलाकार मुनव्वर फारुकी यांना इथल्या कार्यक्रमातून अटक झाली. आक्षेपांमागे त्यांच्या जुन्या ऑनलाइन चित्रफिती होत्या. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने जामीन नाकारला, ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने दिला. तोवर महिनाभर तुरुंगात गेला होता. मे २०२५ मध्ये इंदूरच्याच एका व्यंगचित्रकारावर लसूडिया ठाण्यात गुन्हा दाखल झाला. चित्र २०२१ चे होते, नव्या मजकुरासह ते पुन्हा फिरवले गेले होते. उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारल्यावर सर्वोच्च न्यायालयाने जुलैत संरक्षण दिले. श्रद्धा दुखावल्याची तक्रार खोटीच असते असे मी म्हणणार नाही. पण या दोन्ही प्रकरणांत निदान आदेश होते, कारणे होती, वर जायला पायऱ्या होत्या.

कंपनीच्या दारी त्या पायऱ्या फार उशिरा बांधल्या गेल्या. २०२१ च्या नियमांतून ईशनिंदा वगळली गेली. तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यावा, आणि मोठ्या कंपनीने स्वतःहून मजकूर काढताना वापरकर्त्याला कारण कळवून म्हणणे मांडू द्यावे, असे तेव्हा ठरले. २०२२ च्या दुरुस्तीने सरकारी अपील समित्या आणल्या. निर्णय मिळाल्यापासून ३० दिवसांत तिथे जाता येते. ३ जानेवारी २०२३ रोजी कौशल किशोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने म्हटले की राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ आणि २१ चे, म्हणजे अभिव्यक्तीचे आणि जगण्याचे, हक्क राज्यसंस्थेखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात. हे तत्त्व कंपन्यांना कसे आणि किती लागू करायचे, हे काम पुढे आहे.

सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली मजकूर बंद केला, तर मात्र या पायऱ्या उपयोगाच्या नाहीत. त्या कलमाखालच्या २००९ च्या नियमांतील सोळावा नियम तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवतो, त्यामुळे ज्याचे भजन, प्रवचन किंवा टीका बंद झाली त्याला आदेशाची प्रतही मिळेलच असे नाही. त्याला उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. इंदूरकराला ती इथल्याच खंडपीठात करता येते, आणि पहिली मागणी आदेश दाखवा हीच असते.