खुनाच्या शिक्षेविरुद्धचे अपील : नजरेची साक्ष (गोवा)

सत्र न्यायालयाने खुनाबद्दल दिलेली शिक्षा मुख्यतः प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराच्या जबानीवर उभी असेल, तर तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात केलेले अपील. गोव्यात असे खटले उत्तर व दक्षिण गोव्याच्या सत्र न्यायालयांत चालतात. अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरी येथील गोवा खंडपीठात, दोन न्यायमूर्तींपुढे सुनावणीस येते.

हे खंडपीठ 30 ऑक्टोबर 1982 रोजी सुरू झाले. त्याआधी, डिसेंबर 1963 पासून, न्यायिक आयुक्तांचे न्यायालय हे काम पाहत असे. आणि त्याही आधी पोर्तुगीजांचे ‘रेलासांव’ हे 1544 पासूनचे वरिष्ठ न्यायालय. मालमत्ता, वारसा, विवाह यांत पोर्तुगीज नागरी संहितेचा ठसा गोव्यात आजही टिकून आहे. फौजदारी कायदा मात्र मुक्तीनंतर पूर्णपणे भारतीय झाला. खुनाला पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम 302 लागे, 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचे कलम 103 लागते. शिक्षा मात्र तीच : मृत्युदंड किंवा जन्मठेप.

सात वर्षांहून अधिक शिक्षा झालेल्याला उच्च न्यायालयात अपिलाचा हक्क आहे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 374, तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 415). मुदत 60 दिवसांची, मृत्युदंड असल्यास 30 दिवसांची. सबळ कारण दाखवल्यास उशीर माफ होतो. कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहातील कैदी तुरुंगाधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवू शकतो आणि कोठडीत असल्याने त्याला मोफत वकिलाचा हक्क असतो. मृत्युदंड असेल तर आरोपीने अपील केले नाही तरी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय तो अमलात येत नाही.

अपिलात साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येत नाही. जादा पुरावा घेण्याची तरतूद आहे, पण ती अपवाद म्हणूनच वापरली जाते. न्यायमूर्तींपुढे असते ते पेपरबुक : फिर्याद, पंचनामे, शवविच्छेदन अहवाल, जबान्या आणि निकाल. गोव्याची खरी अडचण इथे सुरू होते. साक्षीदार बोलतो कोंकणीत, मराठीत किंवा हिंदीत. जबानी बहुधा इंग्रजीत नोंदली जाते. न्यायाधीश वाक्य ऐकून इंग्रजीत सांगतात, टंकलेखक ते उतरवतो. सत्तरी तालुक्यातला साक्षीदार ‘मामा’ म्हणतो, कागदावर ‘अंकल’ येते. ‘पुतण्या’ आणि ‘भाचा’ दोघेही ‘नेफ्यू’ होतात. पुढे अपिलात वकील विचारतो, की हा नातेवाईक नेमका कोणत्या बाजूचा, मृताच्या की आरोपीच्या? ‘तिन्हीसांजेला पाहिले’ याचे ‘इव्हिनिंग’ होते, आणि इव्हिनिंग तर चार वाजल्यापासूनची. उजेड होता की नव्हता हाच जिथे वादाचा मुद्दा, तिथे हा एक शब्द जन्मठेपेइतका जड ठरू शकतो. साक्षीदार हात करून दाखवतो, ‘इथून त्या दारापर्यंत’. न्यायाधीशांनी ते अंतर मीटरमध्ये सांगितले तरच ते नोंदीत उतरते. नाही तर कागदावर नुसता ‘हिअर’ आणि ‘देअर’ उरतो. जबानी साक्षीदाराला वाचून दाखवण्याची आणि त्याच्या हावभावांबद्दल न्यायाधीशांनी शेरा लिहिण्याची तरतूद कायद्यात आहे. या दोन्ही गोष्टी जितक्या मन लावून झालेल्या असतील, तितके अपील सोपे जाते. साक्षीदाराला समोर पाहिलेल्या सत्र न्यायाधीशाच्या मताला अपील न्यायालय मान देते, त्याचे कारणही हेच.

साक्षीदार किती हवेत, याची अट कायद्यात नाही. 1957 च्या वडिवेलू थेवर निकालात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांचे तीन वर्ग केले : पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह आणि अधलेमधले. पहिल्या वर्गातला एकटाही पुरेसा. तिसऱ्यातल्याला बाहेरचा आधार लागतो. ‘साक्षीदार मृताचा नातेवाईक आहे’ हा आक्षेप जवळजवळ प्रत्येक अपिलात येतो आणि एकटा बहुधा टिकत नाही. 1953 च्या दलीप सिंग निकालापासून भूमिका अशी, की सख्खा नातेवाईक खऱ्या मारेकऱ्याला सोडून भलत्याला सहसा अडकवणार नाही. मात्र जुने वैर असेल तर साक्ष अधिक बारकाईने तपासावी. एका वाड्यावरच्या भांडणात आजूबाजूला नातेवाईकच असणार, हेही उघड आहे.

अनोळखी आरोपीच्या बाबतीत ओळख परेडला, म्हणजे तपासात इतरांबरोबर उभ्या केलेल्या आरोपीला साक्षीदाराने ओळखण्याला, वजन येते, पण परेड हा स्वतंत्र पुरावा नव्हे. खरी ओळख न्यायालयात पटवायची असते. पोलिसांपुढच्या जबाबात नसलेली महत्त्वाची गोष्ट साक्षीदार पिंजऱ्यात प्रथमच सांगू लागला, तर बचाव पक्ष ती वगळणी म्हणून सिद्ध करून घेतो. पोलीस जबाब स्वतः पुरावा नसतो. त्याचा उपयोग साक्षीदाराला खोडून काढण्यापुरता. बारीकसारीक विसंगती माणसाच्या स्मरणाला धरूनच असतात, त्या माफ होतात. हत्यार, मारेकऱ्यांची संख्या, वाराची जागा यांत गफलत असेल तर गोष्ट वेगळी. साक्षीदार कोयत्याचे वार सांगतो आणि शवविच्छेदनात बोथट वस्तूच्याच जखमा दिसतात, तेव्हा अपिलाला धार येते. एरवी डॉक्टरच्या मतापेक्षा विश्वासार्ह डोळ्यांची साक्ष वरचढ मानली जाते.

पर्यटनामुळे गोव्यात आणखी एक प्रश्न येतो : पाहणारा परत निघून जातो. हणजुणे (अंजुना) किनाऱ्यावर 2008 मध्ये ब्रिटिश किशोरीचा मृतदेह सापडल्याच्या प्रकरणात महत्त्वाचा परदेशी साक्षीदार साक्षीला आलाच नाही. 2016 मध्ये बाल न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने एकाची सुटका रद्द करून त्याला 10 वर्षांची शिक्षा दिली. हे अपील उलट दिशेचे, निर्दोषत्वाविरुद्धचे होते, आणि दोष सदोष मनुष्यवधाचा (खुनापेक्षा सौम्य गुन्ह्याचा) होता, खुनाचा नव्हे. दूरदृश्य माध्यमातून साक्ष घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच मान्यता दिली आहे. पण साक्षीदार तयारच नसेल तर पडदा रिकामा राहतो.

अपिलात शिक्षा कायम होते, आरोपी संशयाच्या फायद्याने सुटतो किंवा खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरून शिक्षा कमी होते. अचानक उसळलेल्या भांडणातल्या एकाच वाराच्या प्रकरणांत हा तिसरा मार्ग पुष्कळदा मागितला जातो. उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली, तर पुढे सर्वोच्च न्यायालयात अपिलासाठी विशेष परवानगी मागावी लागते. निर्दोष सुटलेल्याला उच्च न्यायालयानेच प्रथम जन्मठेप दिली, तर मात्र दिल्लीतले अपील हक्काचे असते.