पहिले दहा मीटर

बोनेअर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या रस्त्याने जाताना कडेला जागोजागी पिवळे रंगवलेले दगड दिसतात. प्रत्येकावर एक नाव लिहिलेलं असतं. इथून पाण्यात उतरायचं, एवढाच त्याचा अर्थ. बोट लागत नाही. गाडीच्या हौद्यात हवेच्या टाक्या ठेवायच्या, दगडापाशी थांबून सूट चढवायचा, जोडीदाराचा हात धरून कमरेएवढ्या पाण्यात जायचं आणि मग पायात फिन्स, म्हणजे पोहायचे रबरी पंख, घालायच्या. काही मिनिटं पोहलं की खाली प्रवाळभिंत सुरू होते.

ती इतकी जवळ आहे याचं श्रेय वाऱ्याला आणि कोरड्या हवेला. कॅरिबियन समुद्रातलं हे डच बेट व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. बहुतेक सगळं वर्ष पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. पूर्व किनारा लाटांचा मार खातो आणि पश्चिम किनारा बेटाच्याच आडोशाला शांत राहतो. पाऊस कमी, बारमाही नदी एकही नाही, त्यामुळे गाळ फारसा वाहून येत नाही. पाणी नितळ असलं की ऊन खोलवर पोचतं, आणि प्रवाळाला ऊनच हवं असतं. त्याच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं.

१९७९ पासून बेटाभोवतालची ही सगळी झालर संरक्षित आहे. भरतीरेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, समोरच्या चिमुकल्या क्लाइन बोनेअर बेटासह. नांगर टाकायचा नाही, प्रवाळ उचलायचं नाही. हातमोजेही घालायचे नाहीत, कारण मोजे असले की हात निर्धास्तपणे कशालाही धरतो. आणखी एक नियम नव्या पाहुण्यांना जाचक वाटू शकतो: तुमच्या नावावर शेकडो डाइव्ह (पाण्याखालच्या फेऱ्या) असल्या, तरी आधी माहिती ऐकायची आणि एक चाचणी डाइव्ह करायची. मला स्वतःला हा नियम सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो, आणि त्याचं कारण भौतिकशास्त्रात आहे.

पृष्ठभागावर दाब एक वातावरण असतो. १० मीटरवर तो दोन होतो, २० मीटरवर तीन, ३० मीटरवर चार. हवा दाबाच्या प्रमाणात आकसते. म्हणजे वरून नेलेला फुगा पहिल्या दहा मीटरमध्येच निम्मा होतो. पुढच्या दहा मीटरमध्ये तो एक तृतीयांशावर येतो. सगळ्यांत मोठा बदल उथळ पाण्यातच होतो. तरंगणं कमी-जास्त करण्यासाठी डायव्हरच्या जॅकेटमध्ये भरलेली हवा आणि सूटच्या रबरातले बारीक बुडबुडे याच हिशेबाने फुगतात आणि आकसतात. ३० मीटरवर तुम्ही दोन मीटर वर सरकलात, तर ती हवा जेमतेम ५ टक्क्यांनी फुगते. ३ मीटरवरून तेवढंच वर आलात, तर सुमारे १८ टक्क्यांनी. फुगलेली हवा तुम्हाला आणखी वर खेचते, घाईने ती सोडली की तुम्ही खाली जाता. पाण्यात अधांतरी स्थिर राहण्याचं हे कौशल्य, ज्याला डायव्हर बॉयन्सी म्हणतात, खोल पाण्यापेक्षा उथळ पाण्यात अवघड असतं ते यामुळे.

त्यात टाकीची भर. हवेलाही वजन असतं. १२ लिटरच्या टाकीत २०० बार (पृष्ठभागावरच्या हवेच्या सुमारे दोनशे पट) दाबाने भरलेली हवा तीन किलोच्या आसपास भरते. डाइव्ह संपेपर्यंत त्यातली दोन किलो श्वासातून निघून गेलेली असते आणि तेवढा माणूस हलका झालेला असतो. बोटीवरून उतरलेला डायव्हर या अवस्थेत बऱ्याचदा मोकळ्या निळ्या पाण्यातून वर येतो. किनाऱ्यावरून गेलेल्याला मात्र प्रवाळाच्या उथळ माथ्यावरूनच परतावं लागतं. त्या वेळी तो दमलेलाही असतो. तोल जरा ढळला की फिन खाली लागते, किंवा आधारासाठी हात जातो.

त्या फटक्याखाली काय असतं? जिवंत प्रवाळ म्हणजे चुनखडीच्या सांगाड्यावर पसरलेला काही मिलिमीटरांचा मऊ थर. फिनच्या आघाताने तो खालच्या धारदार सांगाड्यावर चिरडतो आणि जखमेवर शैवाल नाहीतर जिवाणू ठाण मांडतात. मोठे गोलाकार प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. मीटरभर उंचीचा गड्डा म्हणजे सुमारे शंभर वर्षांची वाढ. फांद्यांचं स्टॅगहॉर्न प्रवाळ वर्षाला दहा सेंटिमीटरही वाढतं आणि तुटलेल्या तुकड्यातून पुन्हा उभं राहू शकतं. गोलाकार गड्ड्यांना तशी मुभा नाही.

नव्वदच्या दशकात बोनेअरच्या वर्दळीच्या जागांची तुलना डाइव्हिंगला बंदी असलेल्या राखीव पट्ट्याशी केली गेली. डोळ्यांना दिसणारी मोडतोड थोडीच होती. तरी वर्दळीच्या जागी जुने गोलाकार प्रवाळ अधिक घटले होते आणि फांद्यांचे वाढले होते. १९९३ च्या एका अभ्यासाने एका जागेला वर्षाला ४,००० ते ६,००० डाइव्ह ही सोसण्याची मर्यादा सांगितली. पुढे सेंट लुशिया बेटावर डायव्हरांच्या मागे पोहत केलेल्या निरीक्षणांत किनाऱ्यावरून जाणाऱ्यांचे धक्के बोटीवाल्यांपेक्षा जास्त निघाले. नुसत्या छोट्या सूचनेने फरक पडला नाही. गाइडने पाण्याखाली जागच्या जागी टोकल्यावर पडला.

संरक्षणाची रेषा मात्र भरतीपाशी संपते, आणि संकटं तिच्या पलीकडूनही येतात. किनाऱ्यावरच्या घरांचं सांडपाणी सच्छिद्र चुनखडकातून झिरपत प्रवाळापर्यंत पोचतं. २०१४ मध्ये फ्लोरिडात दिसलेला, प्रवाळाचं मांस सांगाड्यावरून गळून पडण्याचा रोग २०२३ मध्ये इथे आला. काही जागा बंद ठेवाव्या लागल्या, आणि सूट-फिन्स जंतुनाशक द्रावणात बुडवणं हे डाइव्हइतकंच महत्त्वाचं काम झालं. अशा आजारी भिंतीला पाहुण्याच्या फिनचा एकही जादा ओरखडा नको.

बोनेअरला जाणाऱ्यांनी पौर्णिमेनंतरची दोन-चार दिवसांनीची रात्र राखून ठेवावी. सूर्य मावळलेला, चंद्र अजून उगवायचा, अशा त्या मधल्या अंधारात दोनेक मिलिमीटर लांबीचे ऑस्ट्राकॉड, कोळंबीचे दूरचे शिंपलेधारी नातलग, जोडीदार शोधायला निघतात. नर पोहता पोहता चमकत्या स्रावाचे ठिपके एकापुढे एक सोडत जातो आणि पाण्यात निळ्या मण्यांची माळ उमटते. प्रत्येक जातीची माळ वेगळी, ठिपक्यांमधलं अंतरही वेगळं. ती पाहायची तर टॉर्च बंद करून उथळ प्रवाळावर अधांतरी थांबावं लागतं. गुडघे टेकायचे नाहीत, कशाला धरायचं नाही. एक भरपूर श्वास घेतला की शरीर किंचित वर उचललं जातं, सोडला की हळूच खाली येतं.